फूबाओ कुणाची?

"जन्मली कोरियात, मग चीनची कशी?" फूबाओ या पांडाच्या निरोपाचा व्हिडिओ बघताना लेकीनं विचारलं. मला धड उत्तरच देता येईना.

२०२० साली दक्षिण कोरियातल्या एव्हरलँड पार्कात जन्मलेली ही पांडा. चीन इतर देशांना पांडा उसने देतो, त्याचा करारच असा, की पिल्लावर हक्क चीनचा. ३ एप्रिल २०२४ ला भर पावसात हजारो लोक तिला निरोप द्यायला उभे होते. तिला वाढवणारे पार्कातले प्राणीपाल कांग चोल-वोन यांची आई आदल्याच दिवशी वारली होती. तरी ते फूबाओसोबत चीनला गेले.

एका जुन्या व्हिडिओत इवलीशी फूबाओ त्यांच्या हातात हात अडकवून बसलीय. तेवढंच मी पुन्हा पुन्हा बघत राहिले.

चीनमधल्या सिचुआनमध्ये तिला जोडीदार मिळावा, पिल्लं व्हावीत, हे पटतं मला. पण जिवापाड वाढवणाऱ्याचा काहीच हक्क नसावा?