फायर मार्शल ते इन्सिडंट कमांडर: माझा अनुभव

लोअर परळच्या एका कमर्शिअल टॉवरमध्ये मी आणीबाणी व्यवस्थापनाचं काम पाहतो. २२ मजले, ३ बेसमेंट आणि भर दुपारी साधारण अडीच हजार माणसं. मजल्यावरच्या फायर मार्शलपासून (आणीबाणीत एक मजला सांभाळणारा) अख्ख्या इमारतीच्या इन्सिडंट कमांडरपर्यंत (त्या वेळी सगळ्या इमारतीचे निर्णय घेणारा) यायला ४ वर्षं लागली. निम्मा काळ कोर्स आणि कागदांत गेला, उरलेला हातातला वॉकीटॉकी खाली ठेवायची सवय लावण्यात. या वाटेवर काय करावं लागतं आणि कुठे फसायला होतं, तेवढंच लिहितो.

कोर्सचं आधी उरकतो. अमेरिकेतल्या फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे आयएस-१००, २०० आणि ७०० हे कोर्स ऑनलाइन आणि फुकट आहेत, पास व्हायला ७५ टक्के लागतात. त्यात शिकवतात ती इन्सिडंट कमांड सिस्टिम, म्हणजे आणीबाणीत कोणी काय करायचं याची ठरलेली रचना, कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतर उभी राहिली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिच्याच धर्तीवर इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्ही एकदम वाचायला घेतल्या की गोंधळ ठरलेला. तिकडे फायनान्स हा स्वतंत्र सेक्शन आहे, आपल्याकडे ती लॉजिस्टिक्सखालची एक शाखा. आपल्याकडे इन्सिडंट कमांडरच्या वर ‘रिस्पॉन्सिबल ऑफिसर’ असतो, जिल्ह्यात ते काम जिल्हाधिकाऱ्यांचं. मुंबईत काम करायचं तर आपली रचना आधी पक्की करा, तिकडची नुसती समजून घ्या.

पुढे जाऊन आयएईएम या आणीबाणी व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सीईएम (सर्टिफाइड इमर्जन्सी मॅनेजर) प्रमाणपत्र घ्यायचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून कागद जपा. गेल्या १० वर्षांतलं आणीबाणी व्यवस्थापनाचं १०० तास आणि सर्वसाधारण व्यवस्थापनाचं १०० तास प्रशिक्षण दाखवावं लागतं, आणि एकाच विषयाचे तास २५ टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. आपल्या लाइनमधली माणसं नेमकी इथे अडकतात. फायरचे तास ढिगाने असतात. बजेट, माणसं सांभाळणं, लेखी संवाद यांचे शून्य. शिवाय बऱ्याच सर्टिफिकेटांवर ‘एक दिवसीय कार्यशाळा’ एवढंच छापलेलं असतं. तास लिहिलेले नसतील तर आयोजकांकडून त्याच आठवड्यात पत्र घ्या. वर्षभराने तो आयोजक फोनही उचलत नाही.

आता खरं काम. कमांडरच्या खुर्चीत बसण्याआधी मी सहा ड्रिल दुसऱ्याच्या हाताखाली केली. पहिल्या दोनमध्ये फक्त लॉग लिहिला. हे काम सगळ्यांना खालचं वाटतं, पण माझ्या मते तेच सगळ्यात जास्त शिकवतं. वहीत चार रकाने: वेळ, काय कळलं, कोणी ठरवलं, कशाच्या आधारावर. ‘११:०७, पॅनलवर ९ वा मजला, स्मोक डिटेक्टर. ११:०८, मार्शलला बघायला पाठवलं. ११:११, उत्तर नाही.’ ती तीन मिनिटं कागदावर दिसली की कळतं, त्या वेळात कमांडर काय करत होता: दहाव्या मजल्यावरच्या कोणाशी तरी बोलत होता. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात आणि नंतरच्या डिब्रीफमध्ये, म्हणजे काय जमलं-काय चुकलं याच्या चर्चेत, भांडण त्यावरूनच होतं. आणखी एक, लॉगची वेळ एकाच घड्याळाची हवी. फायर पॅनलचं आणि सीसीटीव्हीचं घड्याळ क्वचितच जुळतं. आमच्याकडे चार मिनिटांचा फरक निघाला. ड्रिलच्या आदल्या दिवशी दोन्ही जुळवून घ्या.

बावीस मजल्यांचे बावीस मार्शल एकाच चॅनलवर बोलायला लागले की दोन मिनिटांत कोणाचंच कोणाला कळत नाही. एका माणसाने तीन ते सात जणांकडूनच रिपोर्ट घ्यावा, शक्यतो पाच, हा नियम सगळे पाठ करतात आणि इमारतीला लावायला विसरतात. आम्ही मजल्यांचे चार गट केले, प्रत्येक गटाला एक प्रमुख. कमांडरशी बोलणारे सहाच: चार गटप्रमुख, पंप रूम आणि असेम्ब्ली पॉइंट (बाहेर पडलेल्यांनी जमायची जागा). वॉकीटॉकीचं बटण दाबल्यावर एक सेकंद थांबूनच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘बाराव्यावर धूर नाही’ याचं ‘धूर नाही’ एवढंच उरतं. कुठला मजला, ते देव जाणे. बेसमेंटमध्ये वॉकीटॉकी चालतो असं कधीच धरून चालू नका. तिथे इंटरकॉम किंवा पळणारा माणूस ठेवा.

कमांडरने पंप रूममध्ये पळायचं नाही, पण तिथे काय बिघडतं हे त्याला ठाऊक हवं. जॉकी पंप लाइनमधला दाब टिकवतो, दाब एकदम पडला की मेन पंप सुरू होतो, वीज गेली तर डिझेल पंप. मेंटेनन्सवाला सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर करतो आणि तसाच सोडून जातो, मग दाब पडला तरी पंप हलत नाही. डिझेल पंपाची तऱ्हा बॅटरीची. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. फॉर्म जुलैचा असतो, बॅटरी ऑगस्टमध्ये बसते. म्हणून दर आठवड्याला पंप चालवून बघायचा आणि गेजचा आकडा लिहायचा. नुसतं ‘ओके’ लिहिलं तर नोंद मानायची नाही.

टेबलटॉप एक्सरसाइज, म्हणजे टेबलाभोवती बसून करायची तोंडी ड्रिल, ९० मिनिटांत बसवा, सहा ते आठ इंजेक्ट (मध्येच टाकायच्या नव्या अडचणी) पुरे. सगळ्यात उपयोगी इंजेक्ट विसाव्या मिनिटाला द्यायचा: ‘कमांडर लिफ्टमध्ये अडकला.’ टेबलाभोवती शांतता पसरते. डेप्युटीचं नाव तक्त्यावर असतं, पण चालू घटनेची माहिती त्याच्याकडे नसते, कारण कमांडरने सगळं डोक्यात ठेवलेलं असतं. हा दोष डेप्युटीचा नाही. त्यानंतर आम्ही दर दहा मिनिटांनी डेप्युटीने परिस्थिती तीन वाक्यांत मोठ्याने सांगायची असं ठरवलं. पहिल्यांदा नाटकी वाटतं, मग सवय होते. डिब्रीफ त्याच जागी, चहा यायच्या आधी. लेखी अहवाल सात दिवसांत. त्यातल्या प्रत्येक सुधारणेसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख हवी. विभागाचं नाव लिहिलं की ते काम कोणाचंच नसतं.

वर्दी दिल्यावर फायर ब्रिगेडचे अधिकारी आले की कमांड त्यांची. इथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. ‘साहेब, सकाळी आधी वायर जळाल्यासारखा वास आला, मग आम्ही इलेक्ट्रिशियनला…’ अशी गोष्ट सुरू होते आणि साहेबांची नजर तोवर वरच्या काचांकडे गेलेली असते. ४५ सेकंदांत सांगायचं, याच क्रमाने: काय आणि कुठे; आत कोण, कोणत्या मजल्यावर; काय बंद केलंय, म्हणजे वीज, एसीचे एएचयू (हवा खेळवणारी युनिटं), पॅन्ट्रीचा गॅस; टाकीत पाणी किती आणि कोणता पंप चालू; फायर लिफ्ट कुठे आहे. सोबत मजल्याचा नकाशा, मास्टर चाव्या आणि इमारत पाठ असलेला एक माणूस. हे मी आरशासमोर स्टॉपवॉच लावून घोटलं, त्यात लाज कसली?

त्यातला ‘आत कोण’ हा प्रश्न सर्वांत अवघड. खाली किती आले हे मोजून काही कळत नाही, वर किती होते हे माहीत असल्याशिवाय. हजेरीच्या सिस्टिममध्ये कंपनीचे कर्मचारी असतात. पॅन्ट्रीतली मुलं, हाउसकीपिंग, कुरिअरवाले, एसी दुरुस्तीला आलेले दोघे त्यात नसतात. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसांची संख्या त्यांच्या सुपरवायझरने रोज दहा वाजता गेटवर लिहून द्यायची, हा नियम बसवायलाच आम्हाला सहा महिने लागले.

मुंबईत मात्र आगीपेक्षा जास्त वेळा परीक्षा घेतो तो पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. त्या दिवशी ऑफिसातून निघालेले कितीतरी लोक वाटेत अडकले, म्हणून ‘सगळ्यांना लवकर सोडा’ हा निर्णय वाटतो तितका सुरक्षित नाही. भरती मोठी असली की समुद्राकडची नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात, शहरातलं पाणी आपोआप बाहेर पडत नाही. हाजी अली, लव्हग्रोव्हसारखी पंपिंग स्टेशनं ते उपसतात, पण त्यालाही मर्यादा आहे. आमच्या ट्रिगरच्या कागदावर, म्हणजे निर्णय कधी घ्यायचा ते ठरवणाऱ्या कागदावर, तीनच गोष्टी आहेत: हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग, साडेचार मीटरच्या वरची भरती किती वाजता, आणि लोकल. ऑरेंज किंवा रेड असेल आणि तशी भरती दुपारी असेल तर निर्णय सकाळी अकराच्या आत, आणि सोडायचं तेही मजल्यांच्या गटांनुसार, अर्ध्या अर्ध्या तासाने. लोकल थांबल्यावर कोणालाही ‘जा’ म्हणायचं नाही. तेव्हा इमारतच आसरा, आणि त्यासाठी माणशी दोन लिटर पाणी, बिस्किटं, चार्जिंगची सोय आणि नेहमी औषधं घेणाऱ्यांची यादी जूनच्या आधी तयार हवी.

हे ठरवायचा अधिकार कोणाचा, हा वाद भर पावसात घालायचा नसतो. पहिल्या वर्षी मी तो घातला: एचआर म्हणे ॲडमिनला विचारा, ॲडमिन म्हणे साहेब मीटिंगमध्ये आहेत, आणि तेवढ्यात भरती चढली. आता कमांडर आणि डेप्युटी या दोघांच्या नावाने एका पानाचं अधिकारपत्र असतं: कोणत्या परिस्थितीत कोणाला न विचारता काय करता येईल आणि किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल. त्यावर दर मे महिन्यात नव्याने सही घेतो, कारण सही करणारा माणूस बहुतेक वेळा बदललेला असतो.