ओवेन्तिकचं फाटक आणि सान क्रिस्तोबालचे एजंट

मेक्सिकोच्या चियापास राज्यात सापातिस्तांची, म्हणजे सरकारला बाजूला ठेवून स्वतःचा कारभार चालवणाऱ्या माया आदिवासी बंडखोरांची, गावं बघायला निघाला असाल तर आधी एवढं वाचा: तिथल्या सान क्रिस्तोबाल शहरात कुणालाही ‘सापातिस्ता टूर’चे पैसे देऊ नका. आम्हाला एका एजन्सीने ‘गावात दिवसभर, पुढाऱ्यांशी गप्पा, जेवणासह’ असं सांगून शेअर टॅक्सीच्या जवळपास दसपट रक्कम घेतली. चामुला, सान आंद्रेस ही गावं करत तासाभरात गाडी ओवेन्तिक या सापातिस्तांच्या केंद्रापाशी पोचली. फाटक बंद. तोंड झाकलेल्या एका बाईने आमचे पासपोर्ट बघितले, आत जाऊन विचारून आली आणि शांतपणे म्हणाली, सध्या बाहेरच्यांना प्रवेश नाही. ड्रायव्हर म्हणाला, बाहेरून भिंतीवरची चित्रं बघून घ्या. पैसे परत मिळाले नाहीत. एजन्सीला हे माहीत नसणं शक्यच नाही, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये सापातिस्तांनी स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांची केंद्रं पुढील सूचनेपर्यंत बाहेरच्यांसाठी बंद राहतील.

राग एजंटचा आला, त्या बाईचा मुळीच नाही. १ जानेवारी १९९४ ला, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, या माया आदिवासींनी शस्त्रं उचलून सान क्रिस्तोबालसह अनेक गावं ताब्यात घेतली. बारा दिवसांत युद्धबंदी झाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये आदिवासी हक्कांचा करार झाला तो याच वाटेवरच्या सान आंद्रेसमध्ये, आणि सरकारने तो पाळला नाही. तेव्हा त्यांनी सरकारी पैसा नाकारून स्वतःच्या शाळा, दवाखाने, न्यायनिवाडा उभा केला. २००३ पासून ‘चांगल्या सरकारच्या मंडळां’वर गावकरी आळीपाळीने, बिनपगारी बसत. २०२३ मध्ये तीही त्यांनी मोडली, कारण निर्णय वरच अडकू लागले होते. आता गावागावात स्थानिक सरकार आहे. स्वतः उभारलेली सत्ता स्वतः मोडून खाली देणारं सरकार मला दुसरं माहीत नाही. ‘इथे जनता आज्ञा देते, सरकार पाळतं’ असा फलक त्यांच्या भागात दिसतो. तो वाचून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आठवली. फरक एवढाच की मेंढ्याने कायद्यातून वाट काढली, यांनी सरकारशी संबंधच तोडला.

तरीही जायचं असेल तर त्यांनीच बोलावलेल्या मेळाव्याला जा. अशी निमंत्रणं त्यांच्या जाहीर पत्रकांत येतात. एरवी बाजाराजवळून वडापसारख्या शेअर गाड्या सुटतात, त्याने जा आणि फाटकावर नाही म्हटलं तर हुज्जत न घालता परत फिरा. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो नकोत. चामुलाच्या चर्चमध्ये तर फोटो अजिबात काढायचे नाहीत. दारू सोबत नेऊ नका, त्यांच्याकडे तिला बंदी आहे. स्पॅनिश थोडी तरी हवी. कित्येक बायका फक्त त्सोत्सिल ही माया भाषा बोलतात. मेक्सिकोच्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला तिथल्या राजकारणात भाग घेता येत नाही, त्यामुळे मोर्चा दिसला तर बाजूला थांबा. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. शहर २,२०० मीटरवर आहे, रात्री थंडी वाजते. बाकी शहरातले दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बाजारात मिळणाऱ्या, सापातिस्तांसारख्या मुखवटेवाल्या बाहुल्या म्हणजे चळवळीचा माल नव्हे. त्या बहुतेक चामुलाच्या बायका शिवतात. चळवळीला हातभार लावायचा असेल तर त्यांच्या सहकारी गटांची कॉफी आणि भरतकाम विचारून घ्या.

सान क्रिस्तोबालहून पालेन्केच्या माया अवशेषांकडे ओकोसिंगो गावावरून जाऊ नका. साधारण २०० किलोमीटर, पण गतिरोधकांनी कंबर मोडते आणि मध्येच रस्त्यावर दोरी ताणून पैसे मागतात. आमच्याकडून पुनःपुन्हा घेतले. दोरी धरणारा प्रत्येक जण सापातिस्ता असतो, असं ड्रायव्हर सांगेल, ऐकू नका. या भागात टोळ्यांची मारामारीही होते. तुस्त्ला आणि व्हियाएर्मोसा या शहरांवरून लांबचा रस्ता धरा. तिकीट काढण्यापूर्वी बस कुठून जाते ते विचारा, आणि रात्रीची ओकोसिंगो मार्गे असेल तर सरळ सोडून द्या.