हौदा, फाळका आणि १:२४ चं माप : आमची वाटचाल

आमच्या घरी टेम्पो होता. तीनचाकी, बजाज टेम्पोचा हॅन्सीट. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती भरायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला पोत्यांवर बसवून न्यायचे. पुढं एकच चाक, इंजिन त्याच्याच डोक्यावर, आणि अख्खी गाडी ओढणारंही तेच चाक. हे डिझाइन मूळचं हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचं. त्यांच्या गाड्यांचं नावच टेम्पो. आज माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण टेम्पो म्हणतो, तो शब्द या गाडीनं आपल्याला दिला.

आमचा टेम्पो भंगारात गेला तेव्हा मी कुपवाड एमआयडीसीत पॅटर्न शॉपला होतो. घरी त्याचा एकच फोटो उरला, तोही वडिलांनी बाजूला उभं राहून काढलेला, म्हणजे निम्मी गाडी त्यांच्यामागं झाकलेली. आम्ही जुन्या गाड्यांचे जुळणीचे किट का बनवतो, असं कुणी विचारलं की मी हा फोटो दाखवतो.

पॅटर्न शॉपचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. फाउंड्रीत बीड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. शिवाय साच्यातून पॅटर्न अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यायचा. तेरा वर्षं हे केलं. हाताला अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याआधी कळायला लागतो.

पहिला किट हातात आला तो एका सहकाऱ्याच्या मेव्हण्यानं परदेशातून आणलेला, जपानच्या तामियाचा, १:२४ चा, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाच्या मापाचा. खोक्यात गाडी नव्हतीच. प्लास्टिकच्या फांद्यांना लटकलेले सुटे भाग होते, आणि त्या फांद्या पाहून मला आमच्या कास्टिंगचे गेट आणि रनर, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटा, आठवल्या. तीन आठवडे रात्री जागून जोडला. शेवटी काच सुपरग्लूनं चिकटवली आणि सकाळी बघतो तर काचेवर पांढरं धुकं. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते, हे तेव्हा माहीत नव्हतं. आज आमच्या प्रत्येक किटच्या माहितीपत्रकात पहिली ओळ हीच आहे : काचेला पांढरा फेव्हिकॉल वापरा, तो वाळला की पारदर्शक होतो.

अमेरिकन कंपन्या बहुतेक १:२५ करतात. आम्ही १:२४ धरलं, कारण फुटाला अर्धा इंच हा हिशेब जुन्या मिस्त्रीच्याही तोंडात बसतो.

२०११ मध्ये नोकरी सोडली आणि सांगलीच्या गावभागात एका खोलीत काम सुरू केलं. पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० ची ही भारतीय बहीण कुर्ल्याला बनायची, १०८९ सीसीचं इंजिन, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मिरजेतल्या एका डॉक्टरांनी आपली गाडी दोन दिवस मोजू दिली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाचा मध्य २३४० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसत्त्याण्णव. इथपर्यंत भागाकार आहे. पुढं भागाकार चालत नाही. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटर धरला तर मॉडेलमध्ये तो ०.०४ व्हायला हवा, तेवढं पातळ काही ओतताच येत नाही. म्हणून बॉडी जाड ओतायची आणि फक्त कडा, जिथं नजर जाते तिथं, आतून घासून पातळ करायच्या. दरवाजाची फट खरी पाच मिलिमीटर, मॉडेलमध्ये ती ०.२. खोल कोरली तर रंग भरल्यावर गाडी खेळण्यासारखी दिसते. त्या एका फटीसाठी मी चार मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा घेतात ते मूळ नमुने, वाया घालवले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

काळी-पिवळी रंगवणाऱ्यांना एकच सांगणं : आधी पिवळा मारा, टप झाका, मग काळा. काळ्यावर पिवळा चढवायला गेलात तर थरावर थर साचून पन्हाळी बुजून जाते.

नंबर प्लेट, मीटर, टॅक्सीवरच्या पट्ट्या हे सगळं पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकलवर, म्हणजे पातळ छापील चिकटचित्रांवर, असतं. ते माझी पत्नी छापते. लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगचा तिचा अनुभव इथं कामाला आला. पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेचं वळण ज्याला नीट छापता येतं, त्याला तीन मिलिमीटरची नंबर प्लेट जड जात नाही.

दुसरी गाडी अर्थातच हॅन्सीट. मास्टर तयार झाला तेव्हा वडिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘फाळक्याची साखळी कुठाय?’’ मागचा फाळका आडवा उघडला की तो तोलायला दोन बाजूंना साखळ्या असतात, पोती त्याच्यावरनंच चढतात. हौदा त्या काळी जागोजागचे बॉडीवाले बांधायचे, त्यामुळं कंपनीच्या फोटोत हे कधी दिसत नाही. दोर अडकवायचे हूक कुठं, फळ्या किती, हे सगळं त्यांनी बोटानं दाखवलं आणि मी पेन्सिलनं खुणा केल्या. साखळी शेवटी इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात मिळाली, सगळ्यात बारीक कड्यांची. आजही आम्ही ती तिथूनच वारानं घेतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं आणि गावभागातली आमची खोली बुडाली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा सागवानी मास्टर फुगून फुटले होते. साच्यात ओतायच्या रेझिनचे डबे तर फुकटच, कारण पॉलीयुरेथेन रेझिनला पाण्याचा थेंब लागला तरी ते फेसाळतं. तयार किटच्या खोक्यांचा लगदा झालेला. चिखलाच्या ढिगाखाली सिलिकॉनचे साचे सापडले. सिलिकॉनला पाणी काही करत नाही. पत्नी आणि मी बादलीत साबणाचं पाणी करून टूथब्रशनं एकेक साचा धुतला आणि धीर करून पहिलं कास्टिंग ओतलं. पद्मिनीची बॉडी जशीच्या तशी निघाली, बॉनेटवरच्या कंगोऱ्यासकट. एक साचा पंचवीसेक कास्टिंगनंतर फाटायला लागतो, म्हणून निघालेल्या बॉडीपैकी सगळ्यात चांगली बाजूला ठेवून तिलाच नवा मास्टर केला. आज तुमच्याकडं येणारी पद्मिनी त्या महापुरातून निघालेल्या साच्याची नात आहे. वर्कशॉप त्यानंतर आम्ही विश्रामबागेत हलवलं.

सध्या स्टँडर्ड हेराल्ड चालू आहे. ट्रायम्फची ही गाडी मद्रासला बनायची, आणि तिला चार दरवाजे फक्त भारतात लागले. पुढचं अख्खं नाक, मडगार्डसकट, पुढच्या बाजूला उलटतं. शिवाय मूळ गाडीच वेगळ्या चासीवर तुकडे बोल्टनं जोडून केलेली, त्यामुळं जुळणीच्या किटसाठी इतकी योग्य गाडी मी दुसरी पाहिलेली नाही. बिजागरी पितळेची करतोय. प्लास्टिकची दोनदा करून पाहिली, टिकत नाही.

एका गाडीबद्दल लोक सारखं विचारतात. इचलकरंजीचे शंकरराव कुळकर्णी यांची ‘मीरा’. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर १९४९ मध्ये एका माणसानं स्वतःच्या हिमतीवर छोटी गाडी बनवली, नंतर कितीतरी वर्षं तिच्यात सुधारणा केल्या, आणि तरी ती कारखान्यातून विक्रीसाठी कधी बाहेर पडली नाही. ती माझ्या शेल्फवर असावी, ही माझी सगळ्यात जुनी इच्छा आहे. पण फोटोवरून अंदाजानं मास्टर करणार नाही. फोटोवरून केला असता तर आमच्या हॅन्सीटला साखळी नसती.

तुमच्या शेडमध्ये, गोठ्यामागं, चिंचेखाली अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी एक दिवस आम्हाला कळवा. टेप, कॅलिपर आणि वही आम्ही घेऊन येतो. ती गाडी चालवलेलं घरातलं जुनं माणूस तेवढं त्या दिवशी घरी असू द्या.