शंभर चौकोन, सात उमेदवार

मी कॅलिफोर्नियात एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या हिशेब खात्यात काम करते. डिस्ट्रिक्टचं नाव सांगत नाही. सँटा क्लारा काउंटीत आहे, बालवाडी ते आठवीपर्यंतच्या शाळा आहेत आणि मुलं दरवर्षी कमी होत चालली आहेत. घरांच्या किमतीच अशा की लहान मुलांच्या आईबापांना इथे राहणं परवडत नाही. इमारती तेवढ्याच, छपरांची गळती तेवढीच, हजेरीपटावरची नावं मात्र कमी.

इथल्या शाळा नगरपालिकेच्या ताब्यात नसतात. त्यांच्यासाठी पाच जणांचं वेगळं मंडळ असतं आणि ते लोक थेट मत देऊन निवडतात. आपल्याकडे महापालिकांची शिक्षण मंडळं असायची, पण त्यांचे सदस्य नगरसेवक ठरवायचे. इथे उमेदवार दारोदार फिरतो, अंगणात पाट्या रोवतो. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत आमच्या तीन जागा होत्या आणि सात जण उभे होते. त्यांनी जाहीर सभेत काहीबाही आश्वासनं देण्याआधी एकदा बजेट समजून घ्यावं असं सुपरिंटेंडंटबाईंच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांच्या, मनात आलं, आणि ते समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुपारी ही बैठक आणि संध्याकाळी लायब्ररीत उमेदवारांची सभा, असा तो ऑक्टोबरमधला दिवस.

सकाळीच व्हॉट्सॲपवर निरोप आला. सातांपैकी एक उमेदवार आपला मराठी माणूस. त्यांची बायको आणि मी रविवारच्या मराठी शाळेत एकत्र शिकवतो. "अगं, याला फक्त दहा मिनिटं दे ना. आतलं काय चाललंय तेवढं सांग. बाकीचे तर इथेच वाढलेले आहेत, त्यांना सगळं माहीत असतं." आता यात अडचण अशी की सरकारी वेळ, कागद, फोन काहीही कुठल्या उमेदवाराच्या प्रचाराला वापरायचं नाही, असा इथला शिक्षण कायदा सांगतो. एकाला दिलेली माहिती सगळ्यांना द्यायची, हा आमच्या ऑफिसचा शिरस्ता. मी कळवलं, की प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सातही जणांना जाईल. त्यावर अंगठा आला. आला तो कुठल्या सुरात, ते मराठी मंडळात ज्यांनी काम केलंय त्यांना सांगायला नको.

दुपारी दोनला सगळे जमले. एक विद्यमान सदस्य, एक निवृत्त शिक्षिका, एक घरं विकणाऱ्या बाई, आपले मराठी इंजिनियर, स्वमग्न मुलाचे वडील, पालक संघटनेत बरीच वर्षं राबलेल्या एक बाई आणि एक वकील. मी स्लाइड्स केल्याच नव्हत्या. प्रत्येकाला आलेखाचा एकेक कागद दिला, त्यावर दहा बाय दहा चौकोन. हे आपले शंभर डॉलर. पुढच्या वर्षीसाठी यातले तीन चौकोन खोडायचे आहेत. कुठले खोडणार ते पेन्सिलने दाखवा, कारण सांगा.

आधी कुठला चौकोन कोणाचा हे सांगितलं. चौऱ्याऐंशी चौकोन माणसांचे: पगार, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन. शिक्षकाच्या प्रत्येक शंभर डॉलर पगारावर आम्ही १९.१० डॉलर राज्याच्या शिक्षक पेन्शन फंडात भरतो आणि तो दर आमच्या हातात नाही. उरलेल्या सोळांत वीज, विमा, बस, पुस्तकं, सॉफ्टवेअर आणि ज्या मुलांची सोय आमच्याकडे होऊ शकत नाही त्यांच्या खासगी शाळांची फी.

कागद हातात पडताच घरं विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "खोडायचं कशाला? गेल्या महिन्यात मी याच भागात तीस लाख डॉलरचं घर विकलं. एक टक्का कर धरा, वर्षाला तीस हजार. हे पैसे जातात कुठे?"

हा प्रश्न मला भाजीच्या दुकानातही विचारतात. उत्तर दोन टप्प्यांत आहे. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे लोकांनी थेट मत देऊन केलेल्या कायद्याने, मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. पुढे करासाठी धरायची किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. म्हणून त्या तीस लाखांच्या घराशेजारचे, चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेले आजोबा त्या मानाने अगदी थोडा कर भरत असतील. दुसरा टप्पा लोकांना अजिबात पटत नाही. गावातला कर वाढला म्हणून आमचे पैसे वाढत नाहीत. २०१३ पासून राज्याचं एक सूत्र आहे: इयत्तेप्रमाणे ठरलेली रक्कम गुणिले रोजची सरासरी हजेरी. चौथी ते सहावीला २०२४-२५ मध्ये ती रक्कम १०,१७७ डॉलर होती. गरीब घरची, इंग्रजी शिकणारी आणि पालकगृहातली मुलं असतील तर वर थोडी भर. या सूत्राने जो आकडा येतो त्यातून गावचा कर वजा करून उरलेलं राज्य देतं. कर वाढला की राज्य तेवढा हात आखडतं. पालो आल्टोसारख्या गावात कर या आकड्याच्याही वर जातो आणि वरचे पैसे त्यांच्याकडेच राहतात. आमचं गाव त्या रेषेच्या अलीकडे आहे.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि पेन्सिल उचलली.

पुढची दहा मिनिटं मी नुसती बघत होते. सातांपैकी पाच जणांनी पहिला घाव घातला तो मुख्य कार्यालयावर. घालणारच. आमचं ऑफिस सगळं मिळून पाच-साडेपाच चौकोनांचं. वकिलांनी त्यातले सरळ तीन खोडले आणि कागद पुढे सरकवला. मी विचारलं, "यात पगार काढणारे कोण, काउंटीला अहवाल देणारे कोण?" ते म्हणाले, "ते तुम्ही ठरवा." त्यांनी खोडलेला एक चौकोन माझ्याच विभागाचा होता. मी तसं सांगितल्यावर खोलीत पहिल्यांदा हशा झाला आणि वातावरण जरा सैल झालं.

मराठी इंजिनियरांनी एकही चौकोन खोडला नाही. समासात 'रिझर्व्ह' असं लिहून बाण काढला. शिल्लक आहे, ती वापरू. शिल्लक असते, खरं. आमच्या आकाराच्या डिस्ट्रिक्टला खर्चाच्या निदान तीन टक्के ठेवावीच लागते. पण शिल्लक एकदाच खर्च होते आणि तूट दरवर्षी येते. हे मी सातही जणांकडे बघून सांगितलं, त्यांच्याकडे कमी.

स्वमग्न मुलाचे वडील बराच वेळ काही बोलले नव्हते. पालक संघटनेच्या बाईंनी विशेष शिक्षणाचा एक चौकोन अर्धवट खोडून मग पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "इथे थोडं कमी करता येईल का?" ते म्हणाले, "नाही येणार. कायदा आहे. आणि नसता तरी मी तुम्हाला करू दिलं नसतं." त्यांचं बरोबर होतं. १९७५ मध्ये वॉशिंग्टनने विशेष शिक्षणाचा कायदा केला तेव्हा अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या दर विद्यार्थ्याच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलेल असं ठरलं. बहुतेक वर्षं तो वाटा त्याच्या निम्म्यालाही पोहोचलेला नाही. उरलेलं सर्वसाधारण निधीतून येतं, म्हणजे याच शंभर चौकोनांतून. बाईंनी रबर मागितला.

निवृत्त शिक्षिकांचा कागद सगळ्यांत शेवटी आला. त्यांनी बालवाडी ते तिसरीच्या वर्गांवर वर्तुळ काढून '२४ ऐवजी २७' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, वर्गाची सरासरी चोवीसच्या वर गेली तर त्या इयत्तांसाठी राज्य देतं ती १०.४ टक्क्यांची भर जाईल. त्या म्हणाल्या, "शिक्षक संघटनेशी वेगळा आकडा करारात ठरला तर जात नाही. मी त्या संघटनेत वाटाघाटींना बसलेली आहे. त्या बदल्यात काय मागतील तेही मला माहीत आहे." कलम त्यांना तोंडपाठ होतं. आकड्यांवर मान डोलवणारे खूप बघितले, पण उमेदवाराने स्वतःहून असं नावडतं कलम काढलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या वर्गात तीन मुलं वाढवायची, हे त्या निवडणुकीच्या तोंडावर लिहून देत होत्या.

संध्याकाळी सभेला मी माझ्या वेळेत, ऑफिसचा बिल्ला पर्समध्ये टाकून गेले. लीग ऑफ विमेन व्होटर्स या कुठल्याच उमेदवाराची बाजू न घेणाऱ्या संस्थेच्या स्वयंसेविका वेळ बघत होत्या. उत्तराला एक मिनिट, मग पिवळं कार्ड, मग लाल. मागच्या रांगेत इंजिनियरांच्या आई बसल्या होत्या, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. मला बघून शेजारची खुर्ची थोपटली.

"अगं, याला किती पगार मिळेल निवडून आल्यावर?"

"महिन्याला फार तर २४० डॉलर, काकू." आमच्या आकाराच्या डिस्ट्रिक्टला तेव्हा कायद्याने तेवढीच मर्यादा होती.

"दोनशेचाळीस?" त्यांनी मनात रुपये केले असावेत आणि तरीही हिशेब जमला नसावा. "मग त्या पाट्याच केवढ्याच्या छापल्यात त्याने!"

चिठ्ठ्यांवर लिहून आलेले प्रश्न एकामागून एक वाचले जात होते. वर्गात फोन नको यावर सातांचं एकमत. समुपदेशक ठेवणार यावरही एकमत, आणि इथे मला खुर्चीत बसवेना. ते समुपदेशक कोविडच्या केंद्रीय मदतीतून नेमलेले. ती मदत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच कुठल्या खर्चाला लावता येत होती, म्हणजे सभेच्या आधीच तिची मुदत संपलेली. दुपारी मी हे सांगितलं होतं. आता त्यांचे पगार त्या शंभर चौकोनांत शिरणार, म्हणजे दुसरं काहीतरी बाहेर जाणार. काय, ते एकानेही सांगितलं नाही.

मग एका आजोबांची चिठ्ठी आली: शाळेत नवा जिम उभा राहतोय आणि तुम्ही ग्रंथपाल काढताय, लाज नाही वाटत? टाळ्या पडल्या. हा राग मला समजतो. रोज कामाला येताना तो जिम मलाही दिसतो. पण बांधकामाचे पैसे कर्जरोख्यांचे. त्याला ५५ टक्के मतं लागतात आणि त्यातून शिक्षकांच्या किंवा ग्रंथपालांच्या पगाराचा एक डॉलरही देता येत नाही. पगारासाठी गावकऱ्यांकडून पैसे उभे करायचे तर सहसा घरटी कर, म्हणजे पार्सल टॅक्स, आणि त्याला दोन तृतीयांश मतं. ६५ टक्के लोक हो म्हणाले तरी तो पडतो. शिवाय २०२२ च्या प्रपोझिशन २८ मुळे कलाशिक्षणाला वेगळे पैसे येतात, ते कलेवरच खर्चायचे. त्यामुळे एकाच शाळेत संगीतशिक्षक नवा येतो आणि ग्रंथपाल जातो. विद्यमान सदस्यांना हे सगळं माहीत होतं. एका मिनिटात कर्जरोख्यांपर्यंत पोहोचले आणि लाल कार्ड वर गेलं.

शेवटचा प्रश्न: शाळा बंद करायची वेळ आली तर कराल का, हो की नाही? पहिले तिघं 'सगळ्यांशी बोलून' वर थांबले. घरं विकणाऱ्या बाई नाही म्हणाल्या, टाळ्या घेतल्या. इंजिनियर म्हणाले, "मी आधी सगळा डेटा बघेन आणि समाजाशी संवाद साधून योग्य निर्णय घेईन."

काकू माझ्या कानाशी लागल्या. त्यांना इंग्रजी चांगलं समजत होतं, हे मला तेव्हा कळलं. "सरळ बोलत नाही हा. स्थळं बघताना असंच करायचा."

निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "शक्यतो नाही. त्याऐवजी मी लहान वर्गांत प्रत्येकी तीन मुलं वाढवीन. तुम्हाला ते आवडणार नाही. शिक्षकांनाही नाही." टाळ्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या दोन तरुण आयांनी एकमेकींकडे बघितलं आणि एकीने हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं.

मला विचाराल तर त्या रात्री सगळ्यांत उपयोगाचं उत्तर तेच होतं. उमेदवाराला काय काय करायचंय याची यादी प्रत्येकाकडे असते आणि ती थोड्याफार फरकाने सारखीच असते. त्यासाठी काय सोडणार, हे फक्त त्यांनी सांगितलं. उपाय बरोबर होता की नाही हा वेगळा वाद, त्यावर मला शंका आहेत. काही शाळांत तेवढी जागाच नाही आणि मुलं याच वेगाने घटत राहिली तर तीन-चार वर्षांत पुन्हा तिथेच यावं लागेल.

निकालात विद्यमान सदस्य, घरं विकणाऱ्या बाई आणि आपले इंजिनियर निवडून आले. शिक्षिका चौथ्या.

बजेटचा पहिला अंतरिम अहवाल १५ डिसेंबरच्या आत मंजूर व्हावा लागतो आणि नव्या सदस्यांची मुदत त्याच महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होते. त्यामुळे त्या अहवालावर जुन्या मंडळानेच मत दिलं. नवे दोघे प्रेक्षकांत बसून ऐकत होते. शेरा 'क्वालिफाइड', म्हणजे चालू आणि पुढच्या दोन वर्षांत देणी भागतीलच याची खात्री देता येत नाही. राज्याने २०२३-२४ मध्ये महागाईपोटी ८.२२ टक्के वाढ दिली तेव्हा त्या जोरावर पगारांचे करार झाले. पुढच्या वर्षी ती वाढ १.०७ वर आली. करार आहेत तिथेच आहेत.

सभा संपल्यावर इंजिनियर माझ्या टेबलापाशी आले. आता ते सदस्य होणार, म्हणजे दहा मिनिटं द्यायला हरकत नव्हती. त्यांनी बॅगेतून आलेखाचा तो कागद काढला, रिझर्व्हचा बाण खोडलेला होता. समुपदेशक, ग्रंथपाल, उपमुख्याध्यापक असे तीन चौकोन निवडून त्यांवर प्रश्नचिन्हं टाकली होती. "यातलं कुठलं खोडलं तर सगळ्यांत कमी त्रास होईल?"

मी त्यांना सेवाज्येष्ठतेची यादी दाखवली. नोकरीवरून कमी करण्याच्या नोटिसा १५ मार्चच्या आत हातात पडाव्या लागतात, म्हणजे ठराव त्याआधीच मंडळापुढे येणार आणि मत नावं पुकारून घेतलं जाणार. त्यांनी तारीख फोनमध्ये टाकली आणि विचारलं, त्या आठवड्यात आईला परत सोडायला भारतात जायचंय, ऑनलाइन मत चालेल का? मी म्हटलं, त्याचेही नियम आहेत, सुपरिंटेंडंटबाईंना विचारून घ्या.