मानपत्रे लिहिताना

यंदा जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या शनिवारी आमच्या केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, ११ प्राथमिक शाळांनी एकत्र येऊन वर्षभर शाळेसाठी झटलेल्या माणसांचा सत्कार केला. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात, माण तालुक्यात, ही गावे आणि वस्त्या आहेत. मी याच केंद्रातील एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, म्हणून केंद्रप्रमुखांनी मानपत्रे लिहिण्याचे काम विश्वासाने माझ्याकडे सोपवले. एकूण १४ मानपत्रे लिहायची होती. त्यांपैकी ५ शिक्षकांची होती आणि उरलेली ९ अशा माणसांची होती, ज्यांचे नाव शाळेच्या पगारपत्रकावर कधीच येत नाही.

पहिल्या रात्री मी बसून ५ मानपत्रे लिहून काढली. सकाळी ती पुन्हा वाचताना लक्षात आले की वरचे नाव बदलले तर यांतले कोणतेही मानपत्र कोणालाही देता येईल. उपक्रमशील, विद्यार्थिप्रिय, हाडाचे शिक्षक, समाजाभिमुख व्यक्तिमत्त्व, असे शब्द मी नोकरीच्या ३३ वर्षांत इतक्या निरोप समारंभांत ऐकले आहेत की लिहिताना ते आपोआप हातातून उतरले होते. ती पाचही पाने मी फाडून टाकली आणि पुढचा आठवडाभर उन्हातान्हात त्या त्या गावी जाऊन माणसांना भेटले. ज्याचा सत्कार करायचा त्याने नेमके काय केले, हे त्याच्याकडून आणि त्याच्या शेजाऱ्यांकडून ऐकल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही, असे ठरवले.

आपल्याकडे शिक्षकांचा गौरव होत नाही असे नाही. ५ सप्टेंबरच्या सुमारास जिल्हा परिषदा आदर्श शिक्षक पुरस्कार देतात, आणि राज्य पुरस्काराला आता सावित्रीमाई फुले यांचे नाव आहे. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावला झाला, आणि ते गाव आमच्याच जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात असल्यामुळे या नावाचा आम्हाला विशेष अभिमान वाटतो. परंतु पुरस्कारासाठी शिक्षकाला स्वतःच स्वतःचा प्रस्ताव तयार करावा लागतो, त्यात छायाचित्रे, कात्रणे आणि प्रमाणपत्रे लावावी लागतात, आणि जो शिक्षक दिवसभर वर्गात रमलेला असतो त्याच्याकडे असे कागद क्वचितच असतात. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी उत्तम शिक्षकांनी 'आपणच आपले गुण कसे लिहायचे' या संकोचापायी कधी प्रस्तावच दिला नाही. आमच्या कार्यक्रमात कोणी अर्ज केलेला नव्हता. नावे शाळा व्यवस्थापन समित्यांनी सुचवली होती, आणि ज्यांचा सत्कार होता त्यांतल्या निम्म्यांना तर मी दारात जाईपर्यंत त्याची कल्पनाही नव्हती.

शिक्षकांपैकी एकाविषयी सांगते. हा तरुण मूळचा नांदेडकडचा. वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत तो पहिली आणि दुसरीला एकाच खोलीत शिकवतो, तिसरी आणि चौथी त्याचा सहकारी सांभाळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असतात, आणि हा हिशोब कागदावर बरोबर दिसत असला तरी त्याचा प्रत्यक्ष अर्थ असा की एका वर्गाला अक्षरे गिरवायला द्यायची, दुसऱ्याला वजाबाकी समजावायची, आणि तेवढ्यात एखादे काम आले तर दोन्ही सोडून उठायचे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज शिक्षकाला अन्य काम देऊ नये असे याच कायद्याच्या २७व्या कलमात म्हटले आहे, तरी किती निरनिराळ्या नोंदी आणि माहित्या भरण्यात त्याचे दिवस जातात, हे मी त्याच्या टेबलावर पाहिले. या शिक्षकाने पहिल्या वर्षी एक वही केली होती. मुले बोलताना जे शब्द वापरत आणि त्याला कळत नसत, ते तो त्यात लिहून ठेवी आणि संध्याकाळी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांचे अर्थ विचारी. पाठ्यपुस्तकातला शब्द फळ्यावर लिहिला की त्याच्या शेजारी मुलांच्या घरचा शब्दही तो लिहितो. पहिलीच्या मुलाला शाळेत आपल्या आईचा शब्द भेटतो, तेव्हा ते मूल किती लवकर तोंड उघडते, हे मला ३३ वर्षे शिकवूनही एवढ्या स्पष्टपणे कळले नव्हते. त्याच्या मानपत्रात मी त्या वहीखेरीज दुसरे काहीही लिहिले नाही.

सर्वांत कठीण मानपत्र एका स्वयंपाकीण मावशींचे होते, कारण त्यांच्याविषयी काय लिहू आणि काय नको असे मला झाले. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ मिळतो. तो शिजवणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे, आणि तेही वर्षातले १० महिने. या मावशी १७ वर्षे हे काम करत आहेत. मटकी किंवा हरभरा आदल्या रात्री त्या स्वतःच्या घरी भिजत घालतात, कारण सकाळी शाळेत येऊन भिजवले तर दुपारपर्यंत ते शिजत नाही. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने किंवा समितीच्या सदस्याने चव घेऊन नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. त्या नोंदवहीची जुनी पाने मी चाळली, तर 'चव चांगली' हा एकच शेरा वर्षानुवर्षे लिहिलेला होता. मावशींनी मला जे सांगितले ते मात्र कोणत्याही नोंदवहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "सोमवारी एक पोरगं ताटात शीत ठेवत नाही, बाई." रविवारी कोणाच्या घरी चूल नीट पेटली नाही, हे त्यांना सोमवारच्या ताटांवरून कळते. दोन वर्षांपूर्वी दुसरीतली एक मुलगी सलग तीन दिवस भात तसाच टाकून उठली, तेव्हा त्यांनी गुरुजींना सांगितले, गुरुजी संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि तालुक्याच्या दवाखान्यात तपासल्यावर तिला विषमज्वर असल्याचे निघाले. आई-वडील दिवसभर मजुरीला जात होते आणि पोरगी कुरकुर न करता शाळेत येत होती. हे एवढेच मी मानपत्रात लिहिले, शक्य तितक्या साध्या शब्दांत.

दुसरे एक मानपत्र एका आजींचे. आमच्या भागातील मेंढपाळ कुटुंबे पावसाळा सरला की मेंढरे घेऊन चाऱ्यापाठी पश्चिमेकडे उतरतात आणि पुढच्या पावसाच्या सुमारास परततात. मुले वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, गेली की निम्मे वर्ष शाळेला पारखी होतात, आणि तिसरी-चौथीत एकदा सुटलेली शाळा बहुतेकांची पुढे सुटतेच. या आजींनी पाच वर्षांपूर्वी मुलगा आणि सून निघाले तेव्हा दोन्ही नातवंडे आपल्याजवळ ठेवून घेतली. ते पाहून भावकीतल्या आणखी दोघांनी आपली मुले त्यांच्याकडे सोडली, आणि गेल्या वर्षी त्यांच्या दोन खणी घरात एकूण ७ मुले राहत होती. आजींना स्वतःला सही करता येत नाही. शाळेतून आल्यावर त्या मुलांना ओट्यावर बसवतात आणि प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावतात, कारण मोठ्याने वाचले तर अडखळलेले त्यांना ऐकू येते. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि तिचा राज्यात अनेक मुलांना आधार झाला आहे, तरी या वस्तीवर ते काम एका बाईच्या ओट्यानेच केले.

बाकीच्यांविषयी थोडक्यात सांगते. एका शेतकऱ्याने टँकरच्या वर्षी स्वतःच्या विहिरीतून शाळेच्या टाकीपर्यंत नळी टाकून दिली आणि ती पुन्हा काढली नाही. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या एका गावकऱ्यांनी, गावाकडच्या मंडळींची वर्गणी गोळा करून, वर्गाचे गळके पत्रे बदलून दिले. आमच्या भागातील बरीच माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. त्यांच्यापैकी एक गृहस्थ दरवर्षी यात्रेला गावी आले की आधी शाळेत जातात आणि मुलांकडून पुस्तकांची यादी लिहून घेतात. मला विशेष आवडले ते हे की यादी गुरुजींनी करून चालत नाही. ती मुलांच्याच अक्षरात हवी, असा त्यांचा आग्रह असतो.

जुनी माणसे अजून जिल्हा परिषदेच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने या शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, तरी लोकांच्या तोंडून बोर्ड गेले नाही. कारभार कोणाचाही असो, खेड्यातली शाळा गावाच्या हातावर उभी राहते, हे आमच्या जिल्ह्याला नव्याने शिकवावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुष्टिफंडाच्या रूपाने घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा केले. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही. शिक्षण हक्क कायद्याने आता शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. समितीची सभा निव्वळ सह्यांपुरती होते की तिथे आया खरोखर बोलतात, यावरून मला त्या शाळेची प्रकृती कळते. या १४ जणांची नावे समित्यांनी सुचवली तेव्हा त्यांतली बहुतेक बायकांनी सुचवलेली होती, आणि सत्काराच्या यादीत स्वयंपाकीण मावशी आणि आजी आल्या त्या त्यामुळेच, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

कार्यक्रम केंद्रशाळेच्या मोठ्या खोलीत झाला. भाषणे दोनच ठेवली होती. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिले गेले, आणि देण्यापूर्वी ते पूर्ण वाचले गेले. वाचन शिक्षकांनी करायचे ठरले होते, परंतु आयत्या वेळी केंद्रप्रमुखांनी सुचवले की ज्या शाळेची व्यक्ती असेल त्या शाळेच्या चौथीच्या मुलाने वाचावे. मला धाकधूक वाटत होती, कारण मानपत्रांत जोडाक्षरे होती. आजींचे मानपत्र त्यांच्याच ओट्यावरच्या सातांपैकी एका मुलीने वाचले. 'स्थलांतर' या शब्दावर ती अडखळली, थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून वाक्य वाचू लागली. आजी शाल पांघरून समोर उभ्या होत्या आणि तिचे ओठ हलतील तशा त्या मान हलवत होत्या. खोलीतल्या सव्वाशे माणसांत त्या वेळी कोणी कुजबुजलेसुद्धा नाही.

स्वयंपाकीण मावशींनी मानपत्र हातात घेतल्यावर मला बाजूला बोलावले आणि विचारले, "बाई, ह्यात त्या पोरीचं नाव तर ल्हिवलं न्हाई ना?" मी नाही म्हणाले. पोरीच्या घरची अडचण चारचौघांत यायला नको, एवढीच त्यांची काळजी होती. मग त्यांनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि सोमवारी गोडाचे काय करायचे, हे विचारायला त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या.

सोमवारी मी त्यांच्याच शाळेच्या प्रवेशोत्सवाला गेले. पहिलीत ८ मुले आली होती. फुगे बांधलेल्या बैलगाडीतून त्यांची गावातून मिरवणूक निघाली, शाळेच्या दारात अंगणवाडीच्या ताईंनी त्यांचे औक्षण केले, आणि कुंकवाच्या पाण्यात बुडवलेल्या पावलांचे ठसे कोऱ्या कागदावर घेऊन त्याखाली त्यांची नावे लिहिली. एक मुलगा ठसा द्यायला काही केल्या तयार होईना, तेव्हा त्या नांदेडकडच्या शिक्षकाने केले असते तेच इथल्या गुरुजींनी केले. त्याच्या घरच्या बोलीत त्याच्याशी बोलून त्यांनी आधी स्वतःच्या पायाचा ठसा दिला. नवी कोरी पाठ्यपुस्तके वाटली गेली, आणि दुपारी मावशींनी शिरा केला होता.

परत येताना मी एसटीने आले. या गाडीचे चालक शाळेच्या फाट्यावर पोरे धावत येताना दिसली तर थांबतात, पोरांना हाक मारून आत घेतात आणि मगच गाडी हलवतात, हे मी नोकरीत असल्यापासून पाहत आले आहे. त्या दिवशीही पाचवीपासून पुढच्या गावच्या शाळेला जाणाऱ्या तीन मुली अशाच धापा टाकत चढल्या. या चालकांचे नाव आमच्या १४ जणांत नव्हते, कारण कोणत्याच एका शाळेने त्यांना आपले म्हटले नव्हते. उतरताना मी त्यांचे नाव आणि गाव विचारून घेतले आणि पुढच्या वर्षीच्या यादीच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवले.