पलटणीतून दिंडीत

लाखो माणसे एकाच वाटेने चालतात, ठरल्या जागी थांबतात, ठरल्या वेळी निघतात आणि त्यांच्यामागे दंडुका घेऊन कोणीही उभे नसते, याचे शहरातून प्रथमच वारीला येणाऱ्या मंडळींना फार नवल वाटते. पेन्शनीवर आल्यानंतर मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पहिल्यांदा निघालो, तेव्हा मला ही शिस्त पहिल्याच मुक्कामापासून ओळखीची वाटली. पहिला कर्णा झाला की सामान बांधायचे, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभे राहायचे आणि तिसऱ्याला पाऊल उचलायचे. ज्याची उमेदीची वर्षे बिगुलाच्या इशाऱ्यावर गेली, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. सोहळ्याला आजची घडी घालून देणारे हैबतबाबा आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना गुहेत कोंडले, तिथे त्यांनी अखंड हरिपाठ केला आणि सुटका झाल्यावर घरी न जाता ते आळंदीला आले, अशी कथा संप्रदायात सांगतात. 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा सुरू केला आणि लष्करात पाहिलेली व्यवस्था त्याला लावली. दिंड्यांना क्रमांक, रथापुढची आणि रथामागची ठरलेली जागा, चोपदार, तंबू, घोडे, हे सारे त्या व्यवस्थेतले आहे. घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. अंकली बेळगाव जिल्ह्यात आहे, आणि मी कदम मिलाके चालायला शिकलो तोही बेळगावातच. आळंदीच्या महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीवर मी डोके ठेवतो, तेव्हा भक्त म्हणून ठेवतोच. पण एका शिपायाने जुन्या सरदाराला करावा तसा मुजराही त्यात असतो.

मी 1969 साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. आमच्या भागात फौजेत जाण्याचे कोणाला अप्रूप नव्हते. जवळच्या अपशिंगे गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. माझे वडील माळकरी होते आणि आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. पोरगा हातात बंदूक धरणार म्हणून ते रागावतील असे मला वाटले होते. परंतु त्यांनी मला स्टँडवर आणून सोडले आणि वारीची काळजी करू नकोस, तुझ्या वाटचे मी चालेन, एवढेच सांगितले.

बेळगावचे शिक्षण संपल्यावर मला पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे 1768 साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत पाठवण्यात आले. 1971 च्या डिसेंबरात आम्ही पूर्व पाकिस्तानात उतरलो. ब्रह्मपुत्रा ओलांडून, जमालपूरच्या ठाण्याला वळसा घालून, दक्षिणेकडे ढाक्याला जाणारा रस्ता आमच्या पलटणीने रोखला. आमच्या ब्रिगेडियरसाहेबांनी ठाण्यात शरणागतीची चिठ्ठी धाडली होती. तिचे उत्तर कागदात गुंडाळलेल्या काडतुसासह परत आले. 10 तारखेच्या रात्री ठाण्यातली फौज त्याच रस्त्याने बाहेर पडू पाहत होती. कापलेल्या भाताच्या शेतात आम्ही मोर्चे खणून पडलो होतो. दवाने चिखल झाला होता, रायफलीची नळी हाताला गारठून लागत होती, आणि आमचे सेक्शन कमांडर वाकून प्रत्येकाजवळ जात, खांद्यावर हात ठेवत आणि हुकूम मिळेपर्यंत एकही गोळी सुटता कामा नये असे कानात सांगत. गाड्यांचा आवाज आला, मग माणसांची चाहूल आली, ती माणसे ओळखू येतील इतकी जवळ आली, तरी कोणी चाप ओढला नाही. हुकूम मिळाल्यावर काय झाले ते इतिहासात नोंदलेले आहे. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. समोर जे पडले तेही आमच्याच वयाचे होते, हे उजाडल्यावर दिसले, आणि ते मी आजवर विसरलेलो नाही.

त्या रात्री माझ्या शेजारच्या मोर्च्यातला, खटाव तालुक्यातला माझा दोस्त गेला. तो वर्दीच्या आत तुळशीची माळ घालत असे आणि साहेबांनी त्याला कधी हटकले नाही. रात्री पहाऱ्यावर असताना तो आपल्या घराण्याच्या दिंडीविषयी बोलायचा. ती रथामागे किती क्रमांकावर चालते, पखवाज कोण वाजवतो, वेळापूरच्या तळावर भाकरी कोणाकडून येते, हे सारे मला त्याच्या तोंडून पाठ झाले होते.

पुढे टांगाइलकडे सरकताना पुंगलीच्या पुलाजवळ आम्हांला दुसरी पॅरा भेटली. 11 तारखेला विमानांतून उतरलेली ही बटालियन मूळची तिसरी मराठा. इतक्या दूर, परमुलखात, मराठीत विचारपूस ऐकल्यावर छाती भरून आली. आनंद केवढा झाला आणि दोस्त सोबत नाही याचे दुःख केवढे झाले, हे दोन्ही मला एकाच वेळी कळले. 16 तारखेला ढाका आपले झाले.

हवालदार म्हणून 1984 साली मी घरी आलो. तोवर वडील गेले होते. त्यांची पताका आणि टाळ आईने जपून ठेवले होते. त्या आषाढीला मी खटावला दोस्ताच्या घरी गेलो आणि त्यांच्या दिंडीत मला जागा द्यावी अशी विनंती केली. त्याच्या धाकट्या भावाने ‘माउली, विचारायचं काय त्यात?’ म्हणत माझ्या पाया पडण्यासाठी वाकायला आणि मी त्याच्या पाया पडण्यासाठी वाकायला एकच गाठ पडली. तेव्हापासून मी त्याच दिंडीत, पखवाजाच्या मागच्या ओळीत चालतो.

वारीत मला सर्वांत प्रिय काय, असे कोणी विचारले तर लोक रिंगणाची अपेक्षा करतात. रिंगण पाहून डोळे निवतात हे खरेच. पण माझा जीव गुंततो तो समाजआरतीत. संध्याकाळी तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या तंबूभोवती गोलाकार उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगाने कानठळ्या बसतात. चोपदार चांदीचा दंड उंच करतो आणि क्षणात सारा तळ शांत होतो. एखादी दिंडी टाळ वाजवत राहिली, तर तिची काही तक्रार आहे असे समजून चोपदार आधी तिकडे जातो, ऐकून घेतो, मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात आणि आरती होते. पलटणीत हुकूम वरून खाली येतो आणि लढाईत तो तसाच यायला हवा. इथे शेवटच्या दिंडीतला शेतकरीही टाळ वाजवून सगळा सोहळा थांबवू शकतो. हैबतबाबांनी लष्कराची शिस्त घेतली आणि तिच्यात हे घातले, याबद्दल मला त्यांचा अतोनात आदर वाटतो.

घरी आमचे बरे चालले आहे. घेवडा आणि आले पिकते, विहिरीला मार्चपर्यंत पाणी असते, मुलगा-सून शेती पाहतात. दिवे घाटात आता दोनदा बसावे लागते आणि मी निःसंकोच बसतो. सौभाग्यवती लोणंदला येऊन मिळतात, कारण पहिला टप्पा त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. तिथून पंढरपूरपर्यंत आम्ही बरोबर चालतो.

यंदा दोस्ताच्या भावाचा नातू दिंडीत होता. त्याला अग्निवीर व्हायचे आहे. बरडच्या मुक्कामात त्याने मला विचारले, ‘आबा, चार वर्षांनी परत पाठवलं तर काय करायचं?’ 2022 पासूनच्या या योजनेत चौघांतल्या जास्तीत जास्त एकालाच पुढे ठेवतात, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. मी त्याला खोटा धीर दिला नाही. माझ्या आजच्या समाधानात पेन्शनीचा वाटा मोठा आहे आणि पलटणीशी नाते मुरायला चार वर्षे थोडी पडतात, असे माझे मत मी त्याला स्पष्ट सांगितले. जायचे असेल तर जरूर जा, पण आयटीआय पुरे करून जा आणि तुझ्या वाट्याचे रान विकू देऊ नकोस, असेही सांगितले. भरतीला 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर धावण्याचे पूर्ण गुण मिळतात. त्या दिवसापासून पहिल्या कर्ण्याच्या आधी तो धावायचा आणि मी बॅटरी आणि घड्याळ घेऊन उभा राहायचो. नातेपुत्याला तो बराच मागे पडत होता. वाखरीच्या तळापर्यंत त्याने वेळ गाठली, आणि त्याच्या आजोबांनी त्या सकाळी पखवाज जरा जोरातच वाजवला.