शांततेचे पारितोषिक आणि सालबाईचा तह

माझा भाचा गेली दोन वर्षे सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. महिन्यातल्या एखाद्या रविवारी तो वानवडीला आमच्याकडे जेवायला येतो आणि सरावासाठी लिहिलेला निबंध माझ्यापुढे ठेवतो. परवाच्या निबंधाचा विषय होता : परराष्ट्रव्यवहाराची रीत बदलणारा राष्ट्रप्रमुख शांततेच्या पारितोषिकाला पात्र ठरतो काय? बराक ओबामांना सत्तेवर येऊन नऊ महिनेही झाले नसताना मिळालेले नोबेल हास्यास्पद होते, आणि म्हणून सत्तेवर असलेल्या नेत्याला हे पारितोषिक कधीही देऊ नये, असा निष्कर्ष त्याने काढला होता. यातील पहिला भाग मला बऱ्याच अंशी मान्य आहे. दुसऱ्या भागावरून आमचा जो वाद झाला त्यात आमटी निवून गेली, आणि त्याच वादातले माझे म्हणणे जरा सावकाशीने मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

ओबामांच्या नावाची घोषणा ९ ऑक्टोबर २००९ रोजी झाली. आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरी आणि लोकांमधील सहकार्य बळकट करण्यासाठी त्यांनी केलेले असाधारण प्रयत्न, असे कारण समितीने दिले होते. त्या वेळेपर्यंत या प्रयत्नांत दाखवण्यासारखे मुख्यतः काय होते, तर दोन भाषणे : एप्रिलमध्ये प्राग येथे अण्वस्त्रमुक्त जगाविषयी केलेले आणि जूनमध्ये कैरो येथे मुस्लिम जगाला उद्देशून केलेले. ती भाषणे उत्तम होती, हे मी आजही म्हणेन. परंतु १ डिसेंबरला याच अध्यक्षांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याचा निर्णय जाहीर केला आणि १० डिसेंबरला ऑस्लो येथे पारितोषिक स्वीकारताना, प्रसंगी युद्ध न्याय्य कसे असू शकते, याचे विवेचन केले. आपली कामगिरी आधीच्या थोर मानकऱ्यांच्या तुलनेत अल्प आहे, हेही त्यांनी त्याच भाषणात प्रांजळपणे सांगितले, आणि त्यांचा हा कबुलीजबाब मला समितीच्या मानपत्राहून अधिक पटतो. नोबेल समितीचे दीर्घकाळ सचिव राहिलेले गेअर लुंडेस्टाड यांनीही २०१५ साली आपल्या आठवणींत लिहिले की, या पारितोषिकातून समितीने जे अपेक्षिले होते ते साधले नाही.

भाच्याचा आक्षेप घाईवर होता. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव, खड्या सैन्यांत कपात आणि शांतता परिषदा या कामांसाठी पारितोषिक ठेवले आणि तेही मागील वर्षातील कामासाठी. म्हणजे घाई ही मूळ अटीतच आहे. वर्षानुवर्षे थांबून, सगळे परिणाम पाहून मगच निवाडा करायचा, तर तो इतिहासकारांचा प्रांत झाला. तेव्हा प्रश्न किती लवकर दिले हा नसून, त्या क्षणी तराजूत घालायला काय होते, हा आहे. ओबामांच्या बाबतीत तराजूत सूर होता, व्यवहार नव्हता. रशियाबरोबरचा शस्त्रकपातीचा करार एप्रिल २०१० मध्ये झाला, क्यूबाशी संबंध सुधारण्याची घोषणा डिसेंबर २०१४ मध्ये आणि इराणबरोबरचा अणुकरार जुलै २०१५ मध्ये. वजन करण्याजोगे जे होते ते सगळे नंतरचे. त्यातला इराणचा करार २०१८ साली अमेरिकेनेच सोडून दिला ही गोष्ट खरी, पण निदान सोडून देण्यासारखे काही तरी तेव्हा अस्तित्वात आलेले होते.

(नामांकनाबद्दल एक खुलासा येथेच करून टाकतो, कारण दरवर्षी वर्तमानपत्रे त्याचे मथळे करतात. कोणत्याही देशाच्या सरकारचे वा संसदेचे सदस्य आणि इतिहास, कायदा, समाजशास्त्रे यांचे विद्यापीठातील प्राध्यापक नाव सुचवू शकतात, म्हणजे गणेशखिंडीतल्या आपल्या विद्यापीठातील इतिहासाच्या प्राध्यापकालाही तो अधिकार आहे. १९३९ साली एका स्वीडिश खासदाराने उपरोधाने हिटलरचे नाव पाठवले होते आणि नंतर मागे घेतले. २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारने डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव सुचवत असल्याचे जाहीर केले, त्याचेही मोल एवढेच.)

मग तराजूत काय असावे? माझ्या मते पहिली गोष्ट पदरमोड. नेत्याने शांततेसाठी स्वतःच्या घरातले, स्वतःच्या मतदारांना प्रिय असलेले, काही तरी सोडलेले असावे. शत्रूने काय सोडले याचा हिशेब सगळेच मांडतात. पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट यांना १९७१ साली मिळालेले पारितोषिक मला याच कारणासाठी आदर्श वाटते. पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्या देशाशी संबंध तोडायचे, हे पश्चिम जर्मनीचे १९५५ पासूनचे धोरण होते, आणि त्यापायी युगोस्लाव्हिया व क्यूबा यांच्याशी संबंध खरोखर तोडलेही गेले होते. ब्रांट चॅन्सेलर झाले ते १९६९ मध्ये. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोशी आणि डिसेंबरमध्ये वॉर्साशी करार करून त्यांनी पोलंडची ओडर आणि नाईसे या नद्यांची सीमा मान्य केली. याचा अर्थ, १९३७ च्या जर्मनीचा जवळजवळ चौथा हिस्सा परत मिळण्याची आशा त्यांनी उघडपणे सोडली. तिकडून हाकलले गेलेले लक्षावधी निर्वासित आणि त्यांच्या संघटना पश्चिम जर्मनीच्या राजकारणात प्रबळ होत्या, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झाले. या करारामुळे फार पूर्वीच जुगारात घालवून बसलो आहोत त्यापलीकडे काहीही जात नाही, अशा आशयाचे त्यांनी वॉर्साहून देशबांधवांना सांगितले. हिटलरने लावलेल्या डावाची हार स्वतःच्या सहीने कबूल करायची, आणि ती करणारा माणूस कोण, तर हिटलरच्या राजवटीत परागंदा होऊन नॉर्वेत आश्रय घेतलेला.

त्याच दिवशी, ७ डिसेंबर १९७० रोजी, वॉर्सातील ज्यूंच्या उठावाच्या स्मारकासमोर ते गुडघे टेकून बसले. ते छायाचित्र सर्वांना ठाऊक असते. मायदेशी अनेकांना ते अति वाटले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. एप्रिल १९७२ मध्ये विरोधकांनी त्यांच्यावर आणलेला अविश्वास ठराव अवघ्या दोन मतांनी फसला, आणि त्यानंतर मे महिन्यात करारांना संसदेची मान्यता मिळाली. म्हणजे पारितोषिक जाहीर झाले तेव्हा करारांवर सह्या होत्या, मान्यता नव्हती. येथेही समितीने वाट पाहिली नव्हतीच, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही.

भाचा म्हणाला, "मामा, तुमची पदरमोडीची कसोटी लावली तर इथिओपियाचे अबी अहमदही पास होतात." तो बरोबर होता. इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यात १९९८ ते २००० या काळात सीमेवरून युद्ध झाले. पुढे सीमा आयोगाने २००२ साली बाद्मे हे गाव एरिट्रियाचे ठरवले आणि इथिओपियाने सोळा वर्षे ते सोडले नाही. २०१८ मध्ये पंतप्रधान झाल्यावर अबी यांनी तो निवाडा मान्य करत असल्याचे जाहीर केले, जुलैमध्ये ते अस्मारा येथे गेले आणि शांततेच्या जाहीरनाम्यावर सही करून आले. २०१९ चे पारितोषिक त्यांना मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याच देशातील तिग्रे प्रांतात युद्ध भडकले आणि त्यात एरिट्रियाचे सैन्य इथिओपियाच्या बाजूने लढले. तिग्रेतील ज्या पक्षाने त्याआधी जवळजवळ तीन दशके इथिओपियावर वर्चस्व गाजवले होते, तो अबी यांचा घरातला प्रतिस्पर्धी होता आणि एरिट्रियाच्या अध्यक्षांचा जुना वैरी. जानेवारी २०२२ मध्ये नोबेल समितीला निवेदन काढून अबी यांच्या विशेष जबाबदारीची आठवण करून द्यावी लागली.

या ठिकाणी मला दुसरी कसोटी सुचली, आणि ती सुचली याचे श्रेय आमच्या वानवडीला आहे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर शिंदे छत्री आहे. महादजी शिंदे १७९४ साली येथेच वारले. १७ मे १७८२ रोजी झालेल्या सालबाईच्या तहात ते पेशवे आणि इंग्रज या दोघांच्या वतीने हमीदार राहिले, ही मुत्सद्देगिरीतील असामान्य गोष्ट आहे. लढणाऱ्या दोन पक्षांनी एकाच माणसाला जामीन मानावे, असा विश्वास आजच्या मध्यस्थांनाही क्वचित लाभतो. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, राघोबादादांना तनखा लावून राजकारणातून बाजूला काढले, आणि सुमारे वीस वर्षे मराठे व इंग्रज यांच्यात युद्ध झाले नाही. शाळेत आपण येथवर शिकतो. परंतु त्याच तहात असेही कलम होते की, हैदर अलीने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख परत करावा. हैदर तर नाना फडणीसांच्या जुळणीतला, इंग्रजांविरुद्ध मराठ्यांच्या बरोबरीने उभा राहिलेला मित्र! नानांनी हा तह लगेच कायम केला नाही, कित्येक महिने लांबवला, यामागे ही अडचणही होती. पुढे १७९० ते १७९२ च्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने टिपूवर चालून गेले आणि १८०३ मध्ये इंग्रज मराठ्यांवर उलटले.

सलूख आणि गट्टी यांत फरक आहे तो हा. सलुखात दोघे एकमेकांवरचे शस्त्र खाली ठेवतात. गट्टीत ते शस्त्र तिसऱ्याकडे वळते, आणि पहिल्या दिवशी दोन्ही अगदी सारखी दिसतात, मिठ्या त्याच, झेंडे तेच. अस्मारामध्ये २०१८ साली जे घडले त्यात गट्टीचा अंश किती होता, हे तिग्रेतील माणसाला विचारले असते तर कदाचित समितीला तेव्हाच अंदाज आला असता. ते युद्ध थांबवणारा करार नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरिया येथे झाला, त्यात एरिट्रिया पक्षकारच नव्हता.

इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांचे १९७८ चे पारितोषिक मी या दोन्ही कसोट्यांवर बराच वेळ फिरवून पाहिले. पदरमोड दोघांचीही होती. दोघांनी केलेल्या तहात बेगिन यांनी इस्रायलच्या ताब्यातले सिनाई इजिप्तला सोडले. सादात यांच्या इजिप्तला अरब लीगने निलंबित केले आणि त्यांना स्वतःला १९८१ मध्ये प्राण गमवावे लागले. पण दक्षिणेची आघाडी शांत झाल्यावर १९८२ मध्ये इस्रायलचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरले, आणि पॅलेस्टिनी लोकांचा प्रश्न त्या तहाच्या बाहेरच राहिला. तरीही मी ते पारितोषिक दिले असते. इजिप्त आणि इस्रायल १९४८ पासून १९७३ पर्यंत चार मोठी युद्धे लढले होते आणि त्या तहानंतर एकदाही लढलेले नाहीत. येथे माझ्या कसोट्या मला पुरत नाहीत, हे मी भाच्याजवळ कबूल केले. त्याला फार आनंद झाला.

ताटे उचलताना त्याने शेवटचा खोचक प्रश्न टाकला : मग २००९ साली तुम्ही ते कोणाला दिले असते? माझ्याजवळ नाव नव्हते. परंतु समितीला नाव काढावेच लागते असेही नाही. आजवर १९ वर्षे शांततेचे पारितोषिक कोणालाही दिलेले नाही. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर, योग्य असा हयात उमेदवार नाही, असे कारण समितीने दिले होते. शेवटचे असे वर्ष १९७२. भाच्याने निबंधाच्या समासात हे दोन्ही आकडे टिपून घेतले आणि निष्कर्षाच्या परिच्छेदावर काट मारली.